भाच्याचं नेट

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्याला हे सांगितलं की तो नुसता तोंडाकडे बघत बसतो. भाचा शेंबडा असो, दहावीत दोनदा गचकलेला असो, की शाळेमागे बिडी ओढताना तुम्हीच त्याचा कान पिळलेला असो. तो दारात आला की मामाने वाकायचं. आमच्या आमगावापासून छत्तीसगडची वेस काही लांब नाही, तिकडेही हेच आणि इकडेही हेच. भाच्याला द्यायचं असतं, त्याच्याकडून घ्यायचं नसतं. त्याला वेडंवाकडं बोललं तर पाप लागतं. उभ्या जन्मात मला या रिवाजाचा कधी त्रास झाला नव्हता. भाच्याने इंटरनेटचा धंदा काढला आणि झाला.

मी तसा तापट माणूस. राईस मिलीत दिवाणजी होतो. दिवसभर ट्रकवाल्यांशी आणि दलालांशी हिंदीतून भांडायचं आणि संध्याकाळी घरी येऊन मराठीतून, असा नेम होता. नव्याण्णव साली घरी फोन आला तेव्हापासून टेलिफोनच्या सरकारी ऑफिसशीही माझं चांगलंच जमलं. फोन मुका झाला की मी सायकल काढायचो. तिथले साहेब भंडाऱ्याकडचे, शांत गृहस्थ. मी फाटकातून आत शिरताना दिसलो की ते आधी चहा सांगायचे आणि मग लाइनमनला हाक मारायचे. मी चहा पिता पिता ओरडायचो, ते ऐकून घ्यायचे, आणि संध्याकाळपर्यंत फोन सुरू झालेला असायचा. लोक म्हणायचे, सरकारी काम आणि सहा महिने थांब. माझं कधी सहा दिवसांवर गेलं नाही. याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

मग घरात सून आली. सालेकशाकडची, कचारगडच्या डोंगरापासून जवळच्या एका गावातली. त्या गावातून सायन्स घेऊन पुढे शिकलेली ती पहिली मुलगी. लग्नाआधी नागपूरला एका कंपनीत कामाला होती. काम असं की अमेरिकेतले डॉक्टर रोगी तपासून झाला की त्याची हकीकत बोलून ठेवतात, ते बोलणं इंटरनेटवरून इकडे येतं, ही कानाला यंत्र लावून ते ऐकते आणि इंग्रजीत टाइप करून परत पाठवते. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी तिला दोनदा विचारलं, म्हणजे ते डॉक्टर तुझ्याशी बोलतात? ती हसली. म्हणाली, माझ्याशी नाही बाबूजी, पण ऐकते मीच.

चौकातल्या चहाच्या टपरीवर मी ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल याला गणती नाही. एकजण म्हणाला, म्हणजे कंपाउंडर आहे का? मी अर्धा कप चहा तसाच टाकून उठलो. कंपाउंडर म्हणे. अरे, अमेरिकेच्या डॉक्टराने काय म्हटलं ते आमच्या मोहल्ल्यात बसून लिहिणारी पोरगी आहे ती. त्या माणसाशी मी आठवडाभर बोललो नाही.

लग्नानंतर कंपनीने तिला घरून काम करायची परवानगी दिली होती, पण वर्षभर परीक्षा म्हणून. दिलेलं काम त्या त्या वेळेच्या आत परत गेलं पाहिजे. नेट बंद पडलं ही सबब दोनदा ऐकून घेऊ. तिसऱ्यांदा झालं तर नागपूरला येऊन ऑफिसात बसा, नाहीतर राजीनामा द्या. मुलगा माझा रायपूरच्या कारखान्यात, पंधरवड्यातून एकदा घरी येणारा. सुनेने नागपुरात खोली करून राहायचं म्हटलं तर पगार खोलीतच जिरला असता. तिने मला एकदाच, भाजी निवडता निवडता, सरळ सांगितलं होतं की नागपूरचं बोलावणं आलं तर मला काम सोडावं लागेल. एवढंच बोलली, आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. पण तेवढ्या वेळात तिचा चेहरा कसा झाला होता तो मी पाहिला. शिकायला त्या पोरीने काय काय केलं होतं ते मला ठाऊक होतं. कॉलेजसाठी पहाटेची बस पकडायला जंगलातून चालत येणारी मुलगी ती.

आता नेट. आमच्याकडे टेलिफोनच्याच तारेवरून येणारं सरकारी ब्रॉडबँड होतं. चाल धीमी, पण इमानदार. खोट एकच. महिन्याला ठरलेल्यापेक्षा जास्त वापरलं की बिल फुगायचं, आणि अमेरिकेचे डॉक्टर काही कमी बोलत नव्हते. बिल आलं की मी छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, खुर्ची टाकून ते वाचायचो आणि घरातले सगळे मागच्या अंगणात काम काढायचे. सून म्हणाली, मी भरते. मी म्हटलं, सुनेच्या पैशावर घराचं नेट चालवायला मी अजून मेलो नाही. बायको म्हणाली, मग चिडून कायले राहिले?

अशात एका दिवशी भाचा आला. माझ्या लहान बहिणीचा मुलगा. आधी त्याची टीव्हीची केबल होती, आता त्याने गोंदियाहून लाइन आणून त्याच तारांवर इंटरनेट सुरू केलं होतं. मी वाकलो, पाया पडलो. मग तो वाकला आणि माझ्या सुनेच्या पाया पडला, कारण ती त्याच्या मोठ्या मामेभावाची बायको, म्हणजे वहिनी. हे सगळं यथासांग झाल्यावर बसून त्याने सांगितलं की मामाजी, माझं नेट घ्या, वापरा पायजे तेवढं, आणि तुमच्यासाठी अर्ध्या भावात.

अर्ध्या भावात म्हटल्यावर माझ्यातला दिवाणजी जागा झाला. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने विचारलं, लाइट गेल्यावर चालते का? भाचा म्हणाला, वहिनी, टेन्शनच नका घेऊ. मला ते उत्तर पुरलं. तिला पुरलं नाही, हे मला नंतर कळलं. तो गेल्यावर ती म्हणाली, बाबूजी, महिनाभर दोन्ही ठेवू. मी म्हटलं, एका घरात दोन दोन नेट ठेवायला आपण काय राजे आहोत? आणि भाच्याला काय वाटेल, मामाचा भरोसा नाही म्हणेल.

खरी गोची बायकोने काढली. भाच्याकडून अर्ध्या भावात घेणं म्हणजे भाच्याचं खाणं. आजवर आमच्या घरात असं कोणी केलं नव्हतं. भाच्याला द्यायचं असते, तिने मला आठवण करून दिली. दोन दिवस मी त्यावर विचार केला आणि तोड काढली. नेट भाच्याचं घ्यायचं, पण पैसे टेलिफोनवाल्यांना देत होतो तेवढेच त्याला द्यायचे. मुलाला फोनवर हे सांगितलं तर तो इतका हसला की त्याला बोलता येईना. बाबूजी, मग वाचलं काय? मी फोन ठेवून दिला. जन्मभर हिशेब केलेल्या माणसाने पैसे वाचवायला नेट बदललं आणि एक पैसा वाचवला नाही. आमच्याकडे मामाला दुसरं करता येत नाही, म्हणून तसं केलं.

टेलिफोन ऑफिसात जाऊन मी ब्रॉडबँड बंद करायचा अर्ज दिला. नुसता फोन ठेवला. साहेबांनी विचारलं, काकाजी, पक्कं का? मी म्हटलं, घरचा माणूस आहे. त्यांनी अर्जावर शिक्का मारला.

दसरा झाला, दिवाळी झाली, भाच्याचं नेट घोड्यासारखं पळत होतं. मी टपरीवर भाच्याचीही तारीफ करून टाकली. मग भाऊबीज झाली आणि मंडया सुरू झाल्या.

मंडई म्हणजे आमच्या झाडीपट्टीतला सण. दिवाळीनंतर गावोगाव भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. ज्या गावची मंडई असेल तिथले लोक लेकीजावयांना, सोयऱ्याधायऱ्यांना बोलावतात, शिंगाडे आणि जिलेबी खातात, सोयरिकी जुळवतात, आणि रात्रभर नाटक पाहतात. ज्याचं जेवढं गणगोत, तेवढ्या त्याच्या मंडया. पंधरा-वीस दिवस निम्मं आमगाव घरी नसतंच.

त्या दिवसांत आमचं नेट जायला लागलं. पहिल्यांदा गेलं ते सकाळी, आलं ते दुसऱ्या दिवशी. भाच्याला फोन लावला तर तो कुठल्याशा मंडईत, भोंग्याच्या आवाजात त्याला माझं काही ऐकू जाईना. सुनेची एक सबब खर्ची पडली. दुसऱ्या दिवशी भाचा आला. मी त्याला काय काय ऐकवायचं ते आंघोळ करतानाच ठरवून ठेवलं होतं. पण तो उंबऱ्यात आला आणि माझी कंबर आपोआप वाकली. एकदा माणसाच्या पायाला हात लावल्यावर वर उठून त्याला शिव्या देता येतात का? मी जन्मात इतका मुका कधी झालो नव्हतो. तो म्हणाला, मामाजी, मागून, गोंदियाकडूनच काही प्रॉब्लेम असन. मी म्हटलं, असन बाप्पा.

आठवड्याभरात पुन्हा गेलं. पुन्हा तेच. भाचा आला, मी वाकलो, माझं तोंड बंद. दुसरी सबबही गेली. मी रात्री जेवताना बायकोवर चिडलो, भातावर चिडलो, मांजरावर चिडलो. बायको म्हणाली, ज्याच्यावर चिडा लागते त्याच्यावर चिडून राहिले नाही, आन् मांजराले काऊन? बरोबर होतं तिचं. टेलिफोनच्या साहेबाला ओरडता येत होतं, म्हणून तिथे काम होत होतं. इथे मी माझ्याच हाताने स्वतःच्या तोंडाला कुलूप घातलं होतं, आणि त्यात नोकरी सुनेची अडकली होती.

मग तो दिवस आला. बायको तिच्या माहेरच्या मंडईला गेली होती. सुनेला त्या दिवशी मोठं काम होतं, दुपारपर्यंत परत पाठवायचं, म्हणून ती थांबली आणि तिच्या सोबतीला मी. सकाळी साडेनवाच्या सुमाराला ती खोलीतून बाहेर आली. कानाचं यंत्र काढून हातात धरलेलं. मला कळलं. नेट गेलं होतं. ही तिसरी वेळ.

मोबाईलवरचं नेट तेव्हा आमच्याकडे मुंगीच्या चालीनं चालायचं, त्यावर ते काम होण्यासारखं नव्हतं. भाच्याचा फोन बंद. मी कपाळाला हात लावून बसलो. ती पोरगी मात्र बसली नाही. तिने डोक्याला स्कार्फ बांधला, चपला घातल्या, आणि रस्त्यावर जाऊन आमच्या छज्ज्यावरून निघालेल्या काळ्या तारेकडे मान वर करून बघायला लागली. मग त्या तारेच्या खालून चालायला लागली.

मी मागून सायकल ढकलत निघालो. काय करतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, तार कुठंतरी जात असन ना बाबूजी. मोहल्ल्यातल्या उरल्यासुरल्या बाया दारात आल्या. सून पुढे, आकाशाकडे बघत. सासरा मागे, सुनेकडे बघत. तार कडुनिंबातून गेली, शाळेच्या भिंतीवरून गेली, एका पत्र्याच्या छपरावरून गेली, तिथे माकडांनी धिंगाणा घातला होता पण तार शाबूत होती. वळणावर एक पिवळं घर होतं. तार त्या घराच्या छपरीत शिरली. तिथे भिंतीवर भाच्याचा, घरोघर नेट वाटणारा डब्बा टांगलेला, त्याचे सगळे दिवे विझलेले. घराला कुलूप.

डब्ब्याच्या बाजूलाच त्या घराचं मीटर होतं आणि मीटरचा मोठा खटका खाली पाडलेला होता.

ती मीटरकडे बघत राहिली, आणि मग हसायलाच लागली. मला समजायला जरा वेळ लागला. अहो, आम्ही सगळेच गावाला जाताना मेनचा खटका पाडून जातो. शॉर्टसर्किटची भीती. माझी आई पाडायची, माझी बायको पाडते. त्या पिवळ्या घरचे लोकही मंडईला निघाले की खटका पाडून कुलूप लावायचे, आणि भाच्याचा डब्बा चालायचा त्यांच्या लाइटीवर. त्यांच्या जितक्या मंडया, तितक्या वेळा आमची अमेरिका बंद. आणि भाच्याला याचा पत्ता लागणार कसा? तोही मंडईत.

तिने हात वर केला. मी म्हटलं, बाई, लोकाचं घर आहे, लोकाचा खटका आहे, हात लावू नको. ती म्हणाली, आज जे बिल येईल ते मी देईन बाबूजी, आणि खटका वर केला. डब्ब्यावरचे हिरवे दिवे लुकलुकायला लागले. ती घराकडे अक्षरशः पळत गेली. मी तिथेच सायकलला टेकून उभा राहिलो, डब्ब्याची राखण केल्यासारखा. वाटेल त्याने येऊन खटका पाडला तर? दुपारी तिचा फोन आला, काम गेलं म्हणून. तेव्हा मी जेवायला घरी गेलो.

संध्याकाळी भाचा आला, हातात शिंगाड्यांची पिशवी घेऊन. मी दुपारपर्यंत उन्हात उभा राहून शिव्यांची एक मोठी माळ गुंफली होती. तो दारात आला आणि मी वाकलो. वर उठलो तेव्हा माळ तुटलेली. मग तो नेहमीसारखा सुनेच्या पाया पडायला वाकला, आणि तो वाकलेला असतानाच तिने तोंड उघडलं.

"भाऊजी, बाबूजी तुमच्या पाया पडतेत, म्हणून त्याइले तुमाले काही बोलता येत नाही. पण तुमी माझ्या पाया पडता. मले बोलता येते."

भाचा अर्धा वाकलेला तसाच राहिला. तिने त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि मग जी सुरुवात केली! आवाज नाही, शिवी नाही. मधेच दिराची थट्टा पण, की नवरी पाहायला मंडई मंडई फिरून राहिले आणि इकडे वहिनीची नोकरी जाऊन राहिली. पण एकेक गोष्ट तिने अशी विचारली की तो घामेघूम झाला. डब्बा दुसऱ्याच्या घरी का? त्याला बॅटरी का नाही? फोन बंद असताना गिऱ्हाइकाने कोणाला विचारायचं? शेवटी तो म्हणाला, वहिनी, चुकलं.

मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. हातातला शिंगाडा सोलायचा राहूनच गेला. भांडावं तर असं भांडावं. मी आयुष्यभर ओरडलो, आणि भांडायचं कसं ते माझ्या घरात सालेकशाकडून आलं.

रात्र पडायच्या आत बहिणीचा फोन. पोराने घरी जाऊन काहीतरी सांगितलं असणार. म्हणाली, सुनेने भाच्याला बोल लावला, दादा, तुझ्या घरी हे काय चालू आहे? पाप कोणाला लागेल? बहिणीला मी आजवर कधी उलटून बोललो नाही. त्या दिवशी बोललो.

"बाई, भाचा म्हणून आला त मी मरेस्तोवर त्याच्या पाया पडीन. नेटवाला म्हणून आला त त्याले सुनेचं आयका लागन."

मग ती म्हणाली, बरं. आणि माझ्या बायकोच्या माहेरची मंडई कशी झाली ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी सायकल काढली. म्हटलं, चला, टेलिफोनवाल्या साहेबांच्या पाया पडतो, पण जुनं नेट परत आणतो. बिल फुगलं तर फुगू दे. सून आडवी आली. म्हणाली, नेट चांगलंच आहे बाबूजी, फक्त डब्बा चुकीच्या घरी आहे. तिने भाच्याकडून तो डब्बा आमच्या छपरीत बसवून घेतला, बॅटरीसकट. डब्ब्याच्या लाइटीबद्दल भाचा नेट फुकट देतो म्हणाला. तिने नको म्हटलं. जो भाव सगळ्यांना तोच मला, आणि कनेक्शन माझ्या नावावर. म्हणजे उद्या बोलायला मी मोकळी. भाच्याचा सगळ्यांसाठीचा भाव टेलिफोनपेक्षा कमीच होता, आणि वहिनीला मामासारखं जास्त द्यायचं बंधन नव्हतं. अशा रीतीने मी जो पैसा वाचवू शकलो नाही तो सुनेने वाचवला. यावर बायकोने जे तोंडसुख घेतलं ते लिहीत नाही.

त्या वर्षीच्या उरलेल्या मंडयांत आमच्या छपरीतला खटका कोणी पाडला नाही. उन्हाळ्यात कंपनीचं पत्र आलं की परीक्षा संपली, काम कायमचं घरून. तिने ते मला वाचून दाखवलं आणि पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी मोठं बोलावं असं वाटत होतं, पण मला एवढंच सुचलं की जेवून घे. मग टपरीवर जाऊन सगळ्यांना चहा पाजला, त्या कंपाउंडर म्हणणाऱ्यालाही.

फोन नुसता पडून होता. कोणी करत नव्हतं, कोणाचा येत नव्हता. पावसाळ्याच्या आधी मी तो पिशवीत घातला आणि परत करायला ऑफिसात गेलो. साहेबांनी मला फाटकात पाहिलं आणि चहा सांगितला. मग पिशवी पाहिली. त्यांनी तो काळा फोन हातात घेऊन उलटापालटा केला, त्यांनाही जरा वाईट वाटलं असावं.

"काकाजी," ते म्हणाले, "तिकडं काही बिघडलं त भांडायले कोण जाईन? तुमी त भाच्याच्या पाया पडता म्हणे."

मी चहा संपवला. घाई नव्हती.

"मी कायले जाऊ, साहेब," मी म्हटलं. "आमच्या घरी सून हाये."